पाटीचं जेवण

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी, औषधांच्या दुकानामागं
पाच टेबलांचं हॉटेल.
उचगावचा भरमू अष्टेकर बावीस वर्षं जहाजावर भांडी घासत, मग रांधत,
कँटनचा रस्सा आणि कोबेचा भात
एका चुलीवर करायला शिकून आला.
पाटीचे निम्मे पैसे त्यानं रोख दिले,
उरलेल्या निम्म्यात दोघांचं जेवण.

दोघं म्हणजे मी आणि शिवबसू.
तीस वर्षं एका शिडीची दोन टोकं.
वर त्याचं कन्नड, नियमाप्रमाणं मोठं,
खाली माझं मराठी.
त्याच्या अक्षरांना तलकट्टू, माझ्या अक्षरांना शिरोरेषा.
गावात काही पेटलं, कुणी पाटीला काळं फासलं,
की दोघांनाही काम.
फ्लेक्स आलं आणि
काळं फासणाऱ्यांचीसुद्धा मजा गेली.

डबा मात्र आम्ही कधी एका फळीवर उघडला नाही.
त्याचं शाकाहार, माझं सुकट.
भाकरी दोघांचीही जोंधळ्याची.

आज समोरासमोर.
मध्ये मेणबत्ती.
शेजारच्या टेबलावर एक मेडिकलचं जोडपं
आमच्या नखांतला रंग बघून कुजबुजलं.
शिवबसूनं हात टेबलाखाली घेतले.
मग काड्या आल्या, आणि ते परत वर आणावे लागले.

मला जमेना. मशरूम दोनदा मांडीवर.
त्यानं काड्या ब्रशागत धरल्या,
मनगट टेकवलं डाव्या मुठीवर, पाटीवर टेकवायचा तसं,
आणि भाताचं एकच शीत उचलून
मेणबत्तीपुढं धरलं.
गेल्या दिवाळीपासून त्याचा हात कापतो.
तेवढ्यापुरता कापला नाही.

भात इंद्रायणीचा, खानापूरकडचा.
भरमू म्हणाला, बासमतीला वास फार, चिकटायचं कळत नाही.
कोबेहून तांदूळ आणायचा तर हॉटेल विकावं लागेल.
शिवबसूच्या रश्शात मासा नव्हता, वाळवलेले अळंबे होते.
त्यानं तीनदा विचारून घेतलं,
मग वाटी तोंडाला लावली ती रिकामीच खाली ठेवली.
"भाळ छलो," म्हणाला. कुणाला, कळलं नाही.

पाटीवर मधोमध एक परकं अक्षर आहे.
भरमूनं चिठ्ठीवर काढून दिलेलं, आम्ही दोघांनी मिळून रंगवलेलं,
डावा भाग त्यानं, उजवा मी,
कारण दोघांनाही वाचता येत नव्हतं.
छपराखाली कुणी जेवायला बसल्यागत दिसतं.
"याचा अर्थ शिजवलेला भात," भरमू सांगत होता,
"चिनी याला म्हणतो फान, जपानी म्हणतो मेशी.
अक्षर तेच."
"मग भांडत नाहीत?" शिवबसूनं विचारलं.
"भांडले की. लई भांडले."
आणि तो कढई परतायला आत गेला.

गाडी गेली. सॉसची वाटी थरथरली.
शिवबसूनं काडी त्यात बुडवली
आणि पांढऱ्या बशीवर माझं नाव लिहिलं,
मराठीत.
तीस वर्षांत पहिल्यांदा.
शिरोरेषा आधी काढली आणि अक्षरं मागनं टांगली,
दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.
मग मी त्याचं लिहिलं, कन्नडात.
'ब'खालचा 'स' जोडाक्षर करून टाकला.
तो हसला, काही बोलला नाही,
चुकीवर तेवढा एक वाटाणा ठेवला.

पोरगा आला. "ऊट आयता? झालं जेवण?"
आणि उत्तराची वाट न बघता
बशी उचलून घेऊन गेला. आत नळ सुटल्याचं ऐकू आलं.

बाहेर गेट पडलेलं.
दोघं उगाच पाटीकडं बघत उभे.
"तुझी मात्रा लवलीया बग," तो म्हणाला.
"तुझा तलकट्टूबी वाकडा हाय."
"उद्या नीट करू."
"करू की. शिडी कुणाकडं?"
तो म्हणाला, तुझ्याकडं.
मला वाटत होतं, त्याच्याकडं.